अक्का आणि पिवळी पत्रकं

एप्रिलचा पाऊस इथे कुणालाच नको असतो. रस्त्याच्या कडेला काळे पडलेले बर्फाचे ढीग उरलेले असतात, सायकलचं चाक मीठ आणि चिखल पाठीवर उडवतं, बसमध्ये ओल्या लोकरीचा वास कोंडून राहतो. ॲन आर्बरमधला हा माझा चौथा एप्रिल. काल संध्याकाळी असाच पाऊस लागला आणि लायब्ररीतून बाहेर पडताना माझी नजर पायाखाली गेली. कुजलेल्या पानांकडे, पडलेल्या ओंडक्याखालच्या ओल्या फटीकडे. काहीतरी काळं-पिवळं हलेल म्हणून. या देशातल्या रानात अक्काच्या जातीचं कुणी राहत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी नजर जातेच.

अक्का म्हणजे फायर सॅलमँडर. लांबून पाहिलं तर जाडसर पाल वाटावी. पण ती पालीच्या नाही, बेडकाच्या नात्यातली. अंगावर खवले नाहीत. कातडी ओली, मऊ, गर्द काळी आणि त्यावर पिवळेधमक डाग. हे डाग कुठल्याही दोघांचे सारखे नसतात, त्यामुळे लॅबमध्ये आम्ही पाठीचा फोटो काढून कोण कोण ते ओळखायचो. कागदोपत्री तिला एक अक्षर आणि एक आकडा होता. अक्का हे नाव माझ्या आईनं ठेवलं. तीन नर आणि ही एक मादी, असं आमचं बिऱ्हाड होतं. ती सगळ्यांत थोरली, बहुधा माझ्यापेक्षाही मोठी. युरोपातून असे जीव आणायला बंदी येण्याच्या कितीतरी आधी आमचे प्रोफेसर एलन यांनी तिला अंगठ्याएवढी असताना आणलं होतं.

तिचं चालणं मला फार आवडायचं. घाई नावाची गोष्टच नाही. एक पाय उचलायचा, हवेत जरा थांबवायचा, मग टेकवायचा. पळून जाणाऱ्या जनावराला पळावं लागतं, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. अक्काच्या डोळ्यांमागे विषाच्या गाठी होत्या. अंगावर आलं कुणी तर ती मान खाली घालायची, पाठ कमानीसारखी करायची, आणि गाठी समोरच्याकडे वळवायची. पण तिथवर वेळ येऊ नये म्हणूनच तो पिवळा रंग. मी इथे आहे, मी अशी आहे, बघून घ्या आणि मग ठरवा. लपण्याच्या अगदी उलट.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इचलकरंजीतली आमची पुढची खोली आठवली.

आमच्या घरी खुर्च्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. आई यंत्रमागावर काम करणाऱ्या बायकांची संघटना चालवायची. मजुरीबद्दल पत्रक, साप चावला तर देवऋषाकडे जाऊ नका म्हणून पत्रक, सुटीच्या दिवशी माग चालवायला लावले म्हणून पत्रक. अक्षर कळायच्या आधी मला घडी घालता येत होती. अंगठ्याच्या नखाची पाठ कागदावरून फिरवली की घडी कशी चाकूसारखी बसते, हे मी खेळण्याआधी शिकले. गल्लीभर मागांचा खडखडाट, तो थांबला तरच आम्हाला जाग यायची. आणि कागद कायम पिवळा. पिवळ्यावर काळी शाई. "पांढरा कागद सरकारचा," आई म्हणायची, "आपला लांबनं दिसायला पाहिजे."

तिचा एकच नियम मोडायची कुणाला मुभा नव्हती. पत्रकाच्या खाली नाव आणि पत्ता पाहिजे. संघटनेचं नव्हे, माणसाचं. एकदा एका कार्यकर्त्यानं मालकाच्या भीतीनं बिननावाचं पत्रक छापून आणलं, तर आईनं गठ्ठा उघडलाही नाही. म्हणाली, "ज्याला नाव नाही, त्याला उत्तर कुणी द्यायचं? भिंतीनं?" मालकाची माणसं दारात येऊन शिव्या देऊन गेली, दोनदा दगड आले, वडील काळजीनं वाळले, खाली तिचं नाव छापलं जात राहिलं. मी त्या नावाखाली वाढले. माझं स्वतःचं नावही तिनं घोषणेतूनच उचललेलं: समता.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आई इथे होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर इतके दिवस. माझ्या एका खोलीच्या अपार्टमेंटमध्ये ती खिडकीशी बसायची आणि रस्ता बघायची. "माणसं कुठं आहेत गं इथली?" असं रोज विचारायची. संध्याकाळी आम्ही सुर्वे काकांच्या दुकानात जायचो. काकांचं इंडियन ग्रोसरीचं दुकान हीच तिची चावडी. मूळचे नागपूरचे, आधी सॉफ्टवेअरमध्ये. नोकरी गेली तेव्हा बायकोच्या ग्रीन कार्डावर तगले आणि हे दुकान टाकलं. दारालगत मोठा कॉर्कचा बोर्ड: डबा मिळेल, रूममेट पाहिजे, तबल्याचे क्लास. आईला तो बोर्ड फार आवडायचा.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या लॅबची ग्रँट थांबली. एका ईमेलमध्ये, दोन ओळींत. एलन बोलताना कपाकडे बघत होते. युनिव्हर्सिटीचा नियम असा की चालू प्रोजेक्टमध्ये नाव नसलेला प्राणी ठेवता येत नाही. दुसऱ्या कुठल्या संस्थेनं घेतला तर ठीक. नाहीतर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी डॉक्टर येणार आणि दयामरण देणार.

दयामरण. या शब्दात मरण कुणाचं आहे ते कळतं. दया कुणाची आहे, ते मला अजून सापडलेलं नाही. चार निरोगी जीव. आजारी नाहीत, म्हातारपणानं लोळागोळा झालेले नाहीत. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांना पोसणारा कागद संपला.

एलननी जिथे तिथे विचारून पाहिलं. सगळीकडून नम्र नकार. युरोपात एका बुरशीनं या जातीची रानंच्या रानं रिकामी केली आहेत; कातडी खाणारी बुरशी, माणसांच्या हौसेच्या व्यापारातून पसरलेली. आमच्या चौघांच्या तपासण्या स्वच्छ होत्या. पण भीतीला तपासणीचा कागद दाखवून उपयोग नसतो, हे मी पुढे माझ्याच घरात पुन्हा शिकणार होते.

आणि अक्का गाभण होती.

ही जात अंडी घालत नाही. पिल्लं पोटातच वाढतात आणि पोहण्याइतकी झाली की मादी पाण्याच्या काठाशी जाते, मागचं अर्धं अंग पाण्यात बुडवते आणि त्यांना सोडून देते. तिला स्वतःला धड पोहता येत नाही. खोल पाण्यात ती बुडून मरते. जिथे आपण जगू शकत नाही तिथे पिल्लांना सोडायचं आणि परत ओंडक्याखाली निघून जायचं. मी हे आईला सांगितलं तेव्हा आम्ही लॅबच्या दाराशी उभ्या होतो. पाहुण्यांना आत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून दाराच्या काचेतून बघत होतो. अक्का पाण्याच्या उथळ ताटलीत मागचे पाय टाकून बसली होती.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "शहाणी आहे. सोडायचं आणि मागं वळून बघायचं नाही. आम्हाला नाही बाई जमत."

"तुला जमलं की," मी म्हटलं. "एकटीला अमेरिकेत पाठवलंस."

"ते बाबांनी पाठवलं. मी आपली विमानतळावर उभी होते." मग काचेवर बोट ठेवून, "अक्का म्हणायचं हिला. आमच्या मागावरच्या अक्का अशाच होत्या. काळ्या, जाड, आणि मालक समोर आला तरी चाल बदलायची नाही."

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "पत्रक काढ."

मला हसू आलं. मग कळलं की मीही दोन दिवस तेच मनात लिहीत होते. या गावात शाळा आहेत, छोटी निसर्ग केंद्रं आहेत, हौसेनं जंगलात भटकणारे म्हातारे आहेत. संस्थांना ईमेल गेले होते; गावाला कुणी विचारलंच नव्हतं. मी इंग्रजीत मजकूर लिहिला. हे चौघं कोण, ते निरोगी कसे, शुक्रवारी काय होणार, कोण ठेवून घेईल. एलनना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, मी तुला नाही म्हणणार नाही, पण तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. आता दिवस असे आहेत की आवाज कुणाच्या कानावर जाईल सांगता येत नाही.

ते खरं होतं. त्या वसंतात एखाद्या पोस्टवरूनही विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द होत होते, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. कुणी जुने फोटो डिलीट करत होतं, कुणी लाइक केलेल्या पोस्ट शोधून शोधून काढत होतं. चार सॅलमँडर वाचवा म्हणण्यात राजकारण काय? काहीच नाही. पण भ्यायलेला माणूस असले फरक करत नाही. मला रागही त्याचाच यायचा. बोलू नका असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे हुशार, आम्हाला सांगावंही लागलं नाही.

मी आईला म्हटलं, "खाली नाव नको. लॅबचा ईमेल टाकू."

"मग नको काढूस."

"आई, इथे तसं नसतं."

"तिथं तरी कुठं तसं होतं?"

त्यावर मी ताटं घ्यायला उठले. पण बरोबर तिचंच होतं, आणि ते मला तिच्याच दुधातून मिळालेलं होतं. कॉपीच्या दुकानात गेलो तेव्हा मी खाली नाव टाकलं: समता, आणि आडनाव, आणि माझा फोन. पिवळा कागद मागितला. मशीनमधून पहिली प्रत गरम बाहेर आली तेव्हा आईनं ती हातात घेतली. तिचा अंगठा माझ्या नावावर होता. मी वाट बघत होते, ती काहीतरी खणखणीत बोलेल म्हणून.

ती म्हणाली, "राहू दे गं नाव. एलनसाहेबांचं टाक."

मला वाटलं, गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. तिचा चेहरा असा मी एकदाच पाहिला होता, बाबांच्या हॉस्पिटलच्या जिन्यात.

"तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. छापलेलं बघितलं आणि..." मशीन प्रती टाकत राहिलं.

मी नाव काढलं नाही. बसस्टॉपवर, लायब्ररीच्या बोर्डवर, नाणी टाकून कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटमध्ये, शेतकऱ्यांच्या शनिवारच्या बाजाराबाहेर पत्रकं लावली. सगळ्यांत जास्त सुर्वे काकांच्या बोर्डवर आणि काउंटरवर, कारण आमची अर्धी वस्ती आणि बाकी गावातलेही कितीतरी लोक तिथे येतात. काकांनी चष्मा वर करून वाचलं.

"ही पाल आहे का?"

"पाल नाही काका, बेडकाच्या जवळची."

"म्हणजे बेडूकच की. लांब केलेला." मग आवाज खाली आणून, "बेटा, तू एफ-वनवर ना? यार, नाव कशाला? माझं दुकानाचं टाक. मी सिटिझन आहे, माझं कोण काय करणार?"

"नाव माझंच पाहिजे, काका."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई वेलचीच्या पुड्या बघत होती.

अक्कानं त्याच आठवड्यात पिल्लं सोडली. सकाळी ताटलीत काळसर, बोटाच्या पेराएवढे जीव. मानेला पिसांसारखे कल्ले, प्रत्येक पायाच्या मुळाशी एक फिकट ठिपका. शेजारच्या लॅबला बेडकांची पिल्लं ठेवायची परवानगी होती. एलननी विनवण्या करून ही पिल्लं त्या परवानगीत कशीबशी बसवली. मोठ्या चौघांसाठी तसं काही नव्हतं. त्यांच्यासाठी माझ्या फोनची वाट होती.

फोन वाजला नाही. पिल्लं झाल्यापासून मी लॅब आणि घर एवढंच करत होते, दुकानात आई एकटीच जायची. मी रिंगटोन मोठा करून ठेवला, अंघोळीला जाताना सोबत नेला. मला वाटलं, लोकांनी वाचलं आणि पुढे गेले. चार काळ्या-पिवळ्या जीवांसाठी फोन उचलावा असं या अख्ख्या गावात कुणाला वाटलं नाही. त्या दिवसांत मी गावाला मनातल्या मनात जे जे बोलले, ते लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी अक्काला मी हातात घेतलं. ओले हातमोजे, कारण कोरड्या हातानं तिची कातडी दुखते. माझी इच्छा होती की तिनं पाठ कमानीसारखी करावी, विष सोडावं, काहीतरी करावं. तिनं काही केलं नाही. इतक्या वर्षांत तिला माणसाच्या हाताची सवय झाली होती. तिनं एक पाय उचलला, हवेत जरा थांबवला आणि माझ्या मनगटावर टेकवला. डॉक्टर चांगली बाई होती. सॉरी म्हणाली.

आई त्यानंतर थोड्याच दिवसांत परत गेली, आणि माझं दुकानात जाणं थांबलं.

मे महिन्यात एक अनोळखी नंबर आला. मार्था नावाची बाई. शेजारच्या गावात छोटंसं निसर्ग केंद्र चालवते. लाँड्रोमॅटमध्ये पियानो क्लासच्या जाहिरातीखाली तिला एक पिवळा कागद दिसला होता. "ते अजून आहेत का?" मी सांगितलं. मग म्हणाली, माझ्या तळघरात थंड खोली रिकामी आहे, मी चौघांनाही घेतलं असतं. दर शनिवारी मी तुमच्या त्या इंडियन दुकानात सामोसे घ्यायला येते, बोर्डही वाचते. तिथे का नाही लावलंत?

मी फोन ठेवला आणि सायकल काढली.

काका तांदळाच्या गोण्या रचत होते. मी विचारलं, तसे ते काउंटरच्या मागे गेले आणि खालच्या फळीवरून गठ्ठा काढला. रबर लावलेला, कोपरे सरळ केलेले. बोर्डवरचे, काउंटरवरचे, आणि लायब्ररी, बसस्टॉप, बाजाराबाहेरचेसुद्धा. प्रत्येकाला टाचणीचं भोक.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" माझा आवाज चढला होता. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी पाठ वळवली.

"ओरडू नको बेटा."

"कुणी सांगितलं, काका?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "लावलेत त्याच दिवशी संध्याकाळी ताई परत आल्या होत्या. एकट्या, चालत. कुठे कुठे लावलेत ते सांगितलं. लाँड्रोमॅटचं बहुतेक त्यांना ठाऊक नसावं. माझ्या गाडीतून फिरलो आम्ही. काढायच्याही त्याच, मी फक्त ड्राइव्ह करत होतो." मग गठ्ठ्याकडे बोट दाखवून, "मी म्हटलं, रिसायकलमध्ये टाकू. तर मला ओरडल्या. म्हणाल्या, नाव आहे त्यावर. नाव असलेला कागद टाकायचा नाही."

मी आईला तिथूनच फोन लावला. तिकडे पहाट झाली होती. मागे एखादा माग सुरू झाल्याचा आवाज येत होता. मी तिला मार्थाची थंड खोली सांगितली. चौघांनाही घेतलं असतं, हे सांगितलं. मला तिला दुखवायचं होतं, आणि मी ते नीट केलं.

ती रडली नाही. म्हणाली, "माझ्या नावाला मी कधी भ्याले नाही गं. तुझ्या नावाला भ्याले."

जुने लोक समजायचे की सॅलमँडर आगीतून जन्मतो. चुलीत लाकूड टाकलं की त्यातून हा काळा-पिवळा जीव बाहेर यायचा, म्हणून. खरी गोष्ट एवढीच की तो त्या ओंडक्यात थंडीभर झोपलेला असायचा. घर पेटलं म्हणून बाहेर यायचा. माझ्या आईबद्दल मी जन्मभर तेच समजत आले. तिला कधी ओंडकाही लागत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तरीही मी तिला माफ केलं आहे असं मला म्हणता येत नाही. भीती प्रेमातून आली म्हणून ती भीती नसते, असं नाही. बिननावाची पत्रकं भीतीतून निघतात. नाव असलेली पत्रकं उतरतात तीही भीतीतूनच. यात मरतं कोण, तर ज्याला कुणी विचारलंच नव्हतं तो.

पिल्लं मार्थाकडे गेली. मागच्या महिन्यात मी पाहून आले. कल्ले गळून गेलेत, पाणी सोडून ती ओल्या शेवाळ्यावर आली आहेत, अंगावर पिवळे डाग उमटले आहेत. मी प्रत्येकाची पाठ पाहिली. अक्कासारखी एकाचीही नाही.

ऑगस्टमध्ये मला व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत जायचं आहे. खिडकीपलीकडचा माणूस काय विचारेल, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी काकांच्या दुकानात मी गठ्ठ्यातलं वरचं पत्रक काढलं आणि बोर्डवर लावायला गेले. शुक्रवार उलटून गेला होता, ते चौघं नव्हते, त्या कागदाचं कुणालाही काही काम उरलं नव्हतं. टाचणी सापडेना. काका काउंटरवरून एक घेऊन आले.

वर्ष झालं, पत्रक तिथेच आहे. डब्याच्या जाहिराती बदलल्या, तबल्याचे क्लास बंद झाले. दारातून ऊन येतं त्या बाजूनं कागदाचा पिवळा उडत चाललाय. काळी अक्षरं आणि खालचं नाव अजून वाचता येतं. आई दर रविवारी फोनवर सगळं बोलून झाल्यावर विचारते, "ते लावलेलं आहे का गं अजून?" मी हो म्हणते. काढ, असं ती म्हणत नाही. असू दे, असंही म्हणत नाही. थोडा वेळ आम्ही दोघी फोन धरून राहतो, आणि मागे माग चालू असतो.